वादळ पूर्वेकडून येतं, बातमी पश्चिमेकडून

डिसेंबर २०२२ मधली सकाळ. सात वाजून गेले तरी बाहेर अंधारल्यासारखंच होतं, हवेत ओल, आणि पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, नुसती भुरभुर. आम्ही राहतो अशोक चौकाच्या बाजूला, म्हणजे सोलापूरचा पूर्व भाग, इथं निम्मी घरं तेलुगू बोलणारी. शेजारच्या अक्का जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "कपडे बाहेर टाकू नको गं आज, चार दिवस असंच हाय म्हणं, तिकडं मद्रासकडं वादळ आलंय, आमच्या टीव्हीत दोन दिवसापासून तेच चालू हाय." मी घरात येऊन मराठी चॅनल लावलं. अर्धा तास बघितलं. चार चौकटीत चार माणसं राजकारणावर भांडत होती, सोलापूरच्या आभाळाबद्दल एक शब्द नाही.

साडेसातला मामाचा फोन. मामाची पंढरपूर तालुक्यात द्राक्षाची बाग आहे. "टीव्हीवर काय सांगतायत गं? किती दिवस राहणार हे आभाळ?" मी अक्कांनी सांगितलेलं सांगितलं. मामा एकदम गप्प झाला, मग म्हणाला, "चार दिवस? मग बाग फुलोऱ्यात हाय माझी, आत्ताच फवारायला पायजे, हे मला परवा कळलं असतं तर..." आणि वाक्य अर्धवट सोडून फोन ठेवला.

ते वादळ होतं मंदौस. ९ डिसेंबरच्या रात्री ते तमिळनाडूत महाबलीपुरमजवळ जमिनीवर आलं. बातम्यांमध्ये वादळ जमिनीवर आलं की संपलं असं दाखवतात, समुद्राच्या लाटा, वाकलेली नारळाची झाडं, रेनकोट घातलेला रिपोर्टर, आणि विषय बंद. पण वादळ तिथं संपत नाही, त्याचा वारा संपतो. उरलेली ओल आणि ढग घेऊन ते पुढं सरकतं आणि मग कर्नाटक ओलांडून त्याचं शेपूट आपल्या डोक्यावर येऊन थांबतं. आपल्याकडे काही पडझड होत नाही, पत्रे उडत नाहीत, रस्ते वाहून जात नाहीत, नुसतं तीन-चार दिवस आभाळ राहतं. आणि तेवढ्यात ऑक्टोबर छाटणीची बाग फुलोऱ्यात असेल तर डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, गळ होते, कूज होते, आणि वर्षभराचा पैसा त्या चार दिवसांत जातो.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे की सोलापूरचं हिवाळ्यातलं वादळी हवामान बहुतेक वेळा पूर्वेकडून येतं आणि आपल्याला बातमी मात्र पश्चिमेकडून, म्हणजे मुंबईहून येते, आणि या उलट्या दिशेमुळे आपलं नुकसान होतंय. हे नुकसान मोजता येईल असं आहे, टाळता येईल असंही आहे, आणि त्याबद्दल आपण कोणी फारसं बोलत नाही.

नकाशा काढून बघा. सोलापूरहून हैदराबाद साधारण तीनशे किलोमीटर, मुंबई चारशे. बंगालच्या उपसागरात ऑक्टोबर ते डिसेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम असतो, ती आंध्र नाहीतर तमिळनाडूच्या किनाऱ्याला लागतात आणि बऱ्याचदा तिथून आत सरकतात. १३ आणि १४ ऑक्टोबर २०२० आठवा. काकीनाड्याजवळ जमिनीवर आलेलं कमी दाबाचं क्षेत्र तेलंगणातून सरळ पश्चिमेला निघालं. १३ च्या रात्री हैदराबाद पाण्यात होतं, गाड्या वाहून जातानाचे व्हिडिओ सगळीकडे फिरत होते. आणि १४ ला तोच पाऊस आपल्या जिल्ह्यावर होता, पंढरपुरात चंद्रभागेच्या कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा माणसं गेली. हैदराबादची रात्र आणि आपली दुपार यात काही तासांचं अंतर होतं. हवामान खात्याचे इशारे होते, नाही असं नाही. पण हैदराबादची बातमी आपल्याकडे 'तिकडे काय हाहाकार उडालाय बघा' अशी आली, 'हे उद्या आपल्याकडे येतंय' अशी आली नाही. मी त्या रात्री ते व्हिडिओ बघत बसले होते आणि माझ्याही डोक्यात एकदाही आलं नाही की ते ढग चालत इकडे यायला लागलेत.

सगळंच पूर्वेकडून येतं असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. जानेवारीनंतर वेगळा प्रकार सुरू होतो. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात इराण, अफगाणिस्तान करत उत्तर भारतात येतात, हिमाचल-काश्मिरात बर्फ पाडतात. त्यातला एखादा नेहमीपेक्षा खाली, दक्षिणेला उतरला, वर थंड कोरडी हवा आली आणि खालून उपसागराची दमट हवा आली की दोन्हींची गाठ नेमकी आपल्या डोक्यावर पडते. खाली ऊन तापलेलं, वर बर्फासारखी हवा, मधून ढग उंच चढत जातो, पाण्याचे थेंब वर ढकलले जातात, गोठतात, पुन्हा पुन्हा वर जाऊन मोठे होतात आणि गारा होऊन खाली येतात. म्हणजे इथंही निम्मं सामान पूर्वेचंच असतं. पण बातमी काय येते? 'उत्तरेत बर्फवृष्टी, महाराष्ट्र गारठला.'

२०१४ ची गारपीट सोलापूर जिल्ह्यातला कोणताही शेतकरी विसरणार नाही. फेब्रुवारीच्या शेवटी सुरू झाली ती मार्चच्या मध्यापर्यंत, विदर्भ, मराठवाडा आणि आपला भाग, एक दिवस इथं तर दुसऱ्या दिवशी तिथं. मी तेव्हा मामाकडे गेले होते. घड काढायला आठ दिवस होते. गारा पडल्या त्या जेमतेम पंधरा-वीस मिनिटं, पण थांबल्यावर बाहेर आलो तर बागेत पान शिल्लक नव्हतं, खाली चिखलात मणी आणि गारा एकत्र पडलेल्या, वास यायला लागला होता फुटलेल्या द्राक्षांचा. मामी ओट्यावर बसून राहिली, रडलीसुद्धा नाही.

दोन दिवसांनी एका चॅनलचा माणूस आला. चांगला होता, त्याची चूक मी म्हणत नाही. त्याने मामाला सांगितलं की तुटलेला घड हातात धरून उभे राहा आणि कॅमेऱ्याकडे बघा. मामा उभा राहिला. एक प्रश्न विचारला, सरकारकडून काय अपेक्षा आहे. मामा सांगायला लागला की बघा, या वर्षीचं तर गेलंच पण काड्यांना मार बसलाय, साल सोललीय, म्हणजे पुढच्या वर्षी डोळे नीट फुटणार नाहीत, त्यामुळे नुकसान दोन वर्षांचं धरा. हे सगळं कापलं गेलं. रात्री बातमी आली त्यात मामाचा घड धरलेला चेहरा सात-आठ सेकंद, वर पट्टी 'बळीराजा हवालदिल', मागे दुःखी संगीत, आणि तालुक्याचं नाव चुकीचं. पंढरपूरऐवजी सांगोला लिहिलं होतं. तेवढ्यात ५ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि टीव्हीला निवडणूक मिळाली. पुढच्या वर्षी खरंच मामाच्या बागेत निम्मासुद्धा माल आला नाही, आणि तेव्हा विचारायला कोणी आलं नाही, कारण त्या वर्षी तिथं गारा पडल्या नव्हत्या.

त्या कापलेल्या वाक्यात खरी बातमी होती. हवामानाचं नुकसान त्या दिवशी होतं ते दिसतं, आणि नंतर होतं ते दिसत नाही. गारेचा मार काडीवर वर्षभर राहतो. डिसेंबरच्या ढगाळ हवेचं नुकसान फेब्रुवारीत घड तोडताना कळतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीवर मावा ही कीड पडली, चिकटा आला तर त्याचा हिशोब सुगीत लागतो, आणि काढणीच्या वेळी पाऊस आला तर कणसं काळी पडतात, शिवाय कडबा भिजून काळा पडतो तो वेगळाच, म्हणजे माणसाचं आणि जनावराचं दोघांचंही गेलं. शेडवर टाकलेला बेदाणा एकदा भिजला, डाग पडले की त्याला कवडीचा भाव. यातलं काहीच कॅमेऱ्यात चांगलं दिसत नाही. काळी पडलेली ज्वारी दाखवून कोण थांबणार बघायला?

आता भाषेबद्दल बोलते, कारण मला तिचा खरंच त्रास होतो. अस्मानी संकट, तोंडचा घास हिरावला, वरुणराजाची अवकृपा, अवकाळीने झोडपलं. हे शब्द एके काळी कोणीतरी कळवळून लिहिले असतील, पण आता दर वर्षी तेच, दर जिल्ह्याला तेच, चार थेंब पडले तरी तेच आणि बाग उद्ध्वस्त झाली तरी तेच. बळीराजा म्हटलं की त्यात मामा राहत नाही, मामाचं कर्ज राहत नाही, काड्यांचं साल राहत नाही, नुसता फेटा घातलेला एक पुतळा राहतो. शेतकऱ्याला राजा म्हणण्यापेक्षा त्याच्या गावाचं नाव बरोबर लिहा. माझ्या मते तोच खरा मान आहे.

तसंच अलर्टचं. हवामान खातं चार रंग वापरतं. हिरवा म्हणजे काही इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. किती सोपं आहे हे. पण स्क्रीनवर 'सोलापूरला यलो अलर्ट, पुढचे ४८ तास धोक्याचे' असं लाल पट्टीत, सायरनच्या आवाजात येतं. म्हणजे रंग पिवळा आणि पट्टी लाल. बघणाऱ्याला काय कळणार? तो घाबरतो, दोन दिवस वाट बघतो, काहीच होत नाही, मग म्हणतो हे हवामान खातं खोटं बोलतं. खात्याने फक्त लक्ष ठेवा म्हटलं होतं. असं चार-पाच वेळा झालं की माणूस ऐकायचं बंद करतो, आणि मग ज्या दिवशी खरंच नारंगी किंवा लाल असतो त्या दिवशी तो शेतात असतो, झाडाखाली असतो. २६ नोव्हेंबर २०२३ ला अवकाळी आली तेव्हा गुजरातमध्ये एका दिवसात विजेने वीसपेक्षा जास्त माणसं गेली, त्याच वेळी आपल्या राज्यात नाशिकच्या निफाड भागात द्राक्षबागा गारांनी झोपल्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने विजेसाठी दामिनी नावाचं ॲप केलंय, फुकट आहे, आपल्या आसपास वीज पडायची शक्यता असेल तर आधी सांगतं. त्या दिवसानंतर मी आमच्या नात्यातल्या, ओळखीतल्या वीस-पंचवीस लोकांना विचारलं, दोघांकडे होतं. हे ॲप माहीत करून द्यायला एका बातमीत वीस सेकंद लागले असते, ती वीस सेकंद सायरनला गेली.

थंडीचंही असंच आहे. डिसेंबर उजाडला की 'थंडीची लाट' सुरू होते टीव्हीवर. सपाट भागासाठी थंडीची लाट म्हणजे काय याची खात्याची व्याख्या ठरलेली आहे, किमान तापमान १० अंश किंवा खाली पाहिजे आणि शिवाय नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी उतरलेलं पाहिजे, किंवा मग सरळ ४ अंशांवर किंवा त्याखाली गेलं पाहिजे. सोलापुरात पहाटे १३ असेल तर ती लाट नाही, ती थंडी आहे. दर वर्षी निफाडचा पारा बातमीत येतो, कारण तिथं कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे, तिथं थर्मामीटर आहे आणि तिथला आकडा रोज मिळतो. जिथं आकडा मिळतो तिथं थंडी असते असं झालंय. आमच्या अकरा तालुक्यांत कुठं किती होतं ते कोण सांगणार? आणि आता आकडे नाहीत असंही नाही, महावेध प्रकल्पात महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रं बसवलीत, राज्यात दोन हजारांहून जास्त आहेत. त्या आकड्यांवर फळपीक विम्याचे पैसे ठरतात. मग त्याच आकड्यांवर रोजची बातमी का होत नाही? करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत दीडशेच्या आसपास किलोमीटर आहे, एवढ्या जिल्ह्याला 'सोलापुरात पाऊस' हे दोन शब्द कसे पुरणार.

पण नुसत्या व्याख्येवरही जाऊ नये, हेही मला सांगायचंय. कारण १३ अंश माझ्यासाठी वेगळे आणि ऊसतोड मजुराच्या कोपीत झोपलेल्या बाळासाठी वेगळे. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, नोव्हेंबरपासून बीड, धाराशिवकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कारखान्याच्या आसपास नाहीतर उसाच्या फडाजवळ उघड्या रानात कोप्या टाकतात. पाचट, बांबू, वर प्लास्टिकचा कागद. अवकाळी आली की त्या कोपीत खालून पाणी शिरतं. अंथरूण भिजतं, पीठ भिजतं, चूल पेटत नाही, आणि पहाटे तीन-चारला उठून फडात जाणाऱ्या बाईला त्या रात्री झोपच नसते. फडात चिखल झाला की गाडी निघत नाही, तोड थांबते, तोड थांबली की मजुरी थांबते. एकदा डिसेंबरात पाऊस झाल्यावर मी माळशिरसकडून येत होते तेव्हा रस्त्याच्या कडेला कुंपणावर गोधड्या वाळत घातलेल्या दिसल्या, ओळीने पंधरा-वीस, आणि त्याच्याखाली एक मुलगी उघड्या पायांनी लहान भावाला काखेत घेऊन उभी. त्या संध्याकाळी बातमी होती 'अवकाळीमुळे ऊसतोड रखडली, कारखान्यांचं गाळप मंदावलं.' गाळपाची बातमी झाली, गोधडीची नाही झाली. या लोकांना कोणीच आधी सांगत नाही, कारण ते ना या गावचे मतदार, ना कुठल्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये. आदल्या संध्याकाळी मुकादमाच्या फोनवर एक मेसेज गेला तर प्लास्टिकचा कागद घट्ट बांधता येतो, पीठ-मीठ उंचावर ठेवता येतं, लेकरांना जवळच्या शाळेत नाहीतर देवळात नेता येतं.

याउलट शहराच्या थंडीला मात्र 'गुलाबी' म्हणतात. हुरड्याचे फोटो, शेकोटीचे फोटो. हुरडा मलाही आवडतो, शेंगाचटणीबरोबर कोणाला नाही आवडणार, ती बातमी करू नका असं कोण म्हणतंय. सिद्धेश्वराच्या यात्रेत संक्रांतीच्या थंडीत पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वज पेलणारी माणसं बघितली की अंगावर काटा येतो, तेही दाखवाच. पण त्याच गड्ड्यावर, म्हणजे जत्रेत, पाळण्यांखाली, खेळण्यांच्या गाड्याखाली झोपणारी माणसं असतात, त्यांच्यासाठी उद्याची रात्र कशी आहे हेही सांगा.

५ डिसेंबर २०१७ ला ओखी वादळामुळे मुंबईत पाऊस झाला, शाळांना सुट्टी दिली. दोन दिवस सगळ्या चॅनलवर तेच. ते चूक होतं असं मी म्हणणार नाही, दुसऱ्या दिवशी ६ डिसेंबर होता, दादरला चैत्यभूमीवर लाखो माणसं आलेली, उघड्यावर राहिलेली, त्यांच्यासाठी ती बातमी गरजेचीच होती. मला फक्त एवढं दिसलं की जेव्हा मनात असतं तेव्हा कुठल्या स्टेशनजवळ किती पाणी, किती वाजता भरती, कुठला रस्ता बंद, शाळा सुरू का बंद, हे सगळं मिनिटामिनिटाला सांगता येतं. म्हणजे जमत नाही असं नाही. दादरला जमतं ते मोहोळला का नाही?

यावर मला मिळणारं उत्तर माहीत आहे. तालुक्याला माणूस नाही, आहे त्याला बातमीमागे पैसे मिळतात आणि तेही वेळेवर मिळत नाहीत, त्याने स्वतःच्या गाडीत पेट्रोल टाकून किती गावं फिरायची. हे खरं आहे आणि मी त्या वार्ताहरांच्या बाजूची आहे. आमच्या जिल्ह्यात कितीतरी जण पावसात भिजत, चिखलात गाडी ढकलत बातमी पाठवतात, आणि ती मुंबईत कोणीतरी वीस सेकंदांवर आणतं. दोष त्यांचा नाही. दोष आहे तो पट्टी ठरवणाऱ्यांचा, आणि थोडा आपलाही, कारण आपण सायरनवाली क्लिप पुढे पाठवतो आणि तालुक्याच्या पानावरची सहा ओळींची बातमी वाचत नाही.

दुसरं उत्तर असतं की आता सगळं मोबाईलवर मिळतं. मिळतं, पण काय मिळतं? यूट्यूबवर हवामान सांगणारे पुष्कळ झालेत. काही जण मनापासून सांगतात, सोप्या भाषेत सांगतात, गावाचं नाव घेऊन सांगतात, म्हणून शेतकरी त्यांच्याकडे गेला, हे समजून घेतलं पाहिजे. पण काही जण पुढच्या महिन्याच्या तारखा आत्ताच देतात, अमुक तारखेला धो धो, ढग एवढ्या आधी तारीख देत नसतात. आणि चुकलं तर जबाबदार कोण? शिवाय दर वर्षी त्याच जुन्या गारांचे व्हिडिओ फिरतात. मागच्या हिवाळ्यात मला एकाच दिवशी एकच व्हिडिओ बार्शीचा म्हणून आणि मोहोळचा म्हणून आला, आणि त्यातल्या घरांची छपरं बघून तो महाराष्ट्रातलाच नव्हता. खरी बातमी पोचत नाही तेव्हा ती जागा रिकामी राहत नाही, तिथं हे येऊन बसतं.

मला सगळ्यात जास्त वाटतं ते हे, की बातमी ही आमच्याकडे नुसती माहिती नसते. गार पडते ती पट्ट्यात पडते, एका गावाला साफ करते आणि शेजारच्या गावाला शिवत नाही. महसूल मंडळाचं हवामान केंद्र त्या पट्ट्यात नसेल तर यंत्राच्या लेखी काहीच झालेलं नसतं. फळपीक विम्यात गारपिटीचं संरक्षण घेतलेलं असेल तर ७२ तासांच्या आत कळवावं लागतं, आणि लाइट नाही, रेंज नाही, बाग चिखलात, अशा वेळी ते तीन दिवस कसे जातात ते ज्याचं गेलंय त्यालाच माहीत. अतिवृष्टी धरायला दिवसाला ६५ मिलिमीटर पावसाची रेघ आहे, पंचनाम्याला ३३ टक्के नुकसानीची रेघ आहे. या रेघांच्या कुठल्या बाजूला आपलं गाव आहे हे सांगणारी, गारपीट झाल्याच्या पहिल्याच रात्री 'उद्या काय करायचं, कुठं कळवायचं, कोणते फोटो काढायचे' हे सांगणारी बातमी किती कामाची असेल. त्याऐवजी पंधरा दिवसांनी 'शेतकरी मदतीच्या प्रतीक्षेत' ही बातमी येते, जेव्हा ७२ तास होऊन गेलेले असतात. आणि गावांची नावं तारखेसकट छापून आली की तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, लवकर येतात हा आमच्याकडचा अनुभव आहे, नाव न आलेली गावं मागे राहतात.

पत्रकारितेच्या वर्गात हवामानाची बातमी कशी करायची हे किती तास शिकवतात मला माहीत करून घ्यायला आवडेल, कारण क्रिकेटची बातमी करणाऱ्याला एलबीडब्ल्यू माहीत असावं लागतं, तर गारपिटीची बातमी करणाऱ्याला द्राक्षाची खरड छाटणी कधी असते ते का माहीत नसावं. सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, कोरडवाहू शेतीचं संशोधन होतं, सोनाका ही द्राक्षाची जात आमच्या नान्नजची. ढगांचा अभ्यास करायला २०१८ आणि २०१९ मध्ये पुण्याच्या शास्त्रज्ञांनी सोलापूर निवडलं होतं, विमानं उडवून ढगांमध्ये बीज पेरून बघितलं. म्हणजे ढग समजणारी माणसं इथं येऊन राहून गेलीत आणि पीक समजणारी तर इथंच आहेत. एक फोन केला तर कोणीही सांगेल की तीन दिवस ढग राहिले तर डाळिंबावर तेल्या रोगाचं काय होतं, द्राक्षाला काय होतं, हरभऱ्यावर अळी येते का.

मामा आता टीव्ही बघत नाही हवामानासाठी. त्याने काय केलं माहितीय, आमच्या अक्कांचा नंबर घेतला माझ्याकडून. नोव्हेंबर २०२४ च्या शेवटी फेंगल वादळ पुदुच्चेरीकडे येत होतं तेव्हा अक्कांनीच त्याला फोन करून सांगितलं, "दादा, आमच्या टीव्हीत आलंय, वादळ हाय, तुमच्याकडं आभाळ येईल बघा." त्याने त्याच दिवशी दोन मजूर बोलावून फवारणी उरकली. बाग वाचली ती सगळी त्यामुळेच असं म्हणता येणार नाही, नशिबाचाही भाग असतो, पण आधीचे दोन दिवस त्याला मिळाले. एका तेलुगू बोलणाऱ्या विडी कामगार बाईने, स्वतःची पानं कापता कापता ऐकलेली तेलुगू बातमी मराठी शेतकऱ्याला सांगावी लागते, तेही मराठी चॅनलं डझनभर असताना, याचं मला फार वाईट वाटतं, आणि अक्कांबद्दल तेवढंच भरून येतं.

मला हवी असलेली बातमी मी एकदा वहीत लिहून बघितली, कशी असावी म्हणून. अशी:

"आज रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि मंगळवेढा तालुक्यात विजांसह हलका ते मध्यम पाऊस होऊ शकतो. उत्तर सोलापूर, मोहोळ, पंढरपूर, सांगोल्यात शक्यता कमी, बाकी तालुक्यांत नाही. इशारा पिवळा आहे, म्हणजे लक्ष ठेवा, घाबरू नका. बेदाणा शेडचे पडदे सोडून ठेवा, काढलेली ज्वारी आणि कडबा झाका. ऊसतोड टोळ्यांच्या मुकादमांनी कोप्यांवरचे कागद अंधार पडायच्या आत बांधून घ्या. विजा दिसल्या तर झाडाखाली थांबू नका. उद्या आणि परवा आभाळ राहील, द्राक्षबागायतदारांनी फवारणीचं आजच बघा. पुढची माहिती पहाटे साडेपाचला."

सावकाश, दोनदा श्वास घेऊन वाचलं. घड्याळ लावलं होतं, पन्नास सेकंद लागले.